तांब्याचा पैसा

बस कारधाच्या पुलावर चढली, तशा शकुंतलाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून वैनगंगेत एक पैसा टाकला आणि डोळे मिटून हात जोडले. शेजारी त्यांचा मुलगा भूपेंद्र मोबाईल पाहत होता. त्याने मान वळवली तेव्हा आईच्या मांडीवर नाण्यांची डबी उघडी होती. आत एकच नाणं, चांदीचा जुना रुपया.

"माय, यातलं दुसरं कोठी गेलं?"

"तो काळपट पैसा? तो वाह्यला ना गंगामायले."

भूपेंद्र ताडकन उभा राहिला.

बारा वर्षं तो अमेरिकेची जुनी एका सेंटाची नाणी गोळा करत होता. घरादाराने त्याला वेड्यात काढलं होतं. किलोवर घेतलेल्या परदेशी नाण्यांच्या ढिगात हे एक निघालं. वर दाढीवाला माणूस, साल १९०९, सालाखाली बारीक 'एस'. नागपूरचा नाणेवाला नुसता फोटो पाहून लाखावर आला होता, आणि आज मायलेक ते त्यालाच विकायला निघाले होते. त्यात भूपेंद्रच्या मुलीचं, रुचिकाचं, नर्सिंगचं पहिलं वर्ष निघणार होतं. खिसेकापूंच्या धास्तीने भूपेंद्रने डबी आईच्या हाती दिली. 'यातलं एक लाखाचं आहे,' एवढंच सांगितलं. कोणतं, ते सांगायचं या शहाण्याला सुचलं नाही.

"काहून टाकलं माय? काहून?"

"काहून म्हंजे? आजकालचे पैसे लोखंडाचे. गंगामायले तांब्याचाच लागते. लाखाचा चांदीवाला ठेवला ना मी जपून!"

"गाडी थांबवा!" भूपेंद्र किंचाळला.

कंडक्टर घाईघाईने मागे आला. "काय पडलं जी? कितीचं होतं?"

भूपेंद्रने नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं. शेवटी शकुंतलाबाईंनीच सांगून टाकलं, "काई नाई जी. तांब्याचा एक पैसा."

अख्खी बस हसली. कंडक्टरही हसत आपल्या जागी गेला. पूल केव्हाच मागे पडला होता.

शकुंतलाबाईंनी डबीचं झाकण नीट दाबून बसवलं आणि पोराच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"असा पांढरा काहून पडला रे? भेऊ नोको. मी मांगून घेतलं गंगामायले. माह्या भूपेंद्रच्या नाण्याले चांगला भाव येऊ दे, म्हनलं."