मामाचं आडनाव

"देगलूरकर? अहो, मग तुम्ही आपलेच की," दत्तोपंत म्हणाले आणि त्यांनी वरच्या मजल्याची किल्ली आनंदराजकडे सरकवली.

घरमालकांचं आडनावही देगलूरकरच होतं. तेवढ्यावरच त्यांनी गणित सोडवून टाकलं होतं. आनंदराजच्या आजोबांनी देगलूर सोडून किनवट गाठलं, तेव्हा नावापुढं गाव लावून घेतलं होतं. गाव एक, आडनाव एक. पण दत्तोपंतांचं घराणं ब्राह्मणगल्लीतलं आणि आजोबा गावाबाहेरच्या वस्तीतले, छप्पनला बौद्ध झालेले. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आनंदराज किल्लीकडं बघत राहिला. शेजारी त्याची बायको विशाखा धाकट्याला मांडीवर घेऊन फरशीकडे बघत होती.

त्याला आनंद झाला नाही. भीतीही वाटली नाही. पाटबंधारे खात्यानं नांदेडला बदली केल्यापासून तो बायकालेकरं घेऊन घरं बघत फिरत होता. घर पसंत पडायचं, बोलणी व्हायची, चहाही व्हायचा. मग कुणीतरी लेकीला जवळ घेऊन विचारायचं, "बाळ, मामाचं आडनाव काय गं तुझ्या?" गावाच्या नावापुढं 'कर' लावलेल्या आडनावावरून जात कळत नाही, मामाच्या आडनावावरून कळते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मोठ्या माणसाला तोंडावर कसं विचारायचं? म्हणून लेकरांना विचारतात, गोंजारून. लेक सोनकांबळे म्हणाली, की घरमालकाला एकदम पुतण्या आठवायचा. त्याचं लग्न ठरलेलं असायचं आणि घर नेमकं त्यालाच लागायचं. आधी आधी आनंदराजचं डोकं फिरायचं. आता तो मनातल्या मनात पुतण्याला आशीर्वाद देऊन गाडी सुरू करायचा.

एकाच ठिकाणी हा प्रश्न आला नव्हता. जुन्या नांदेडात, लक्ष्मम्मांकडं. खाली सरदारजींचं टायरचं दुकान, समोर शिवणकाम करणारे रहीमचाचा, शेजारी उदगीरकडचे बसवराज, आणि कुणाचं पोर कुणाच्या घरात जेवतंय याचा पत्ता नाही. लक्ष्मम्मांनी आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत एवढंच विचारलं होतं, "लेकरं भात खातात का भाकर?" पण गल्ली अरुंद होती, नळाला दिवसाआड पाणी होतं आणि शाळा लांब. आनंदराजनंच नको म्हटलं. लेकरं जरा बऱ्या वस्तीत वाढावीत, एवढंच त्याला हवं होतं. इथं, दत्तोपंतांच्या कॉलनीत, रस्ते रुंद होते आणि शाळा समोरच होती.

त्यानं किल्ली उचलली.

दत्तोपंतांच्या पत्नी गोदावरीबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. पहिली बशी त्यांनी आनंदराजच्या लेकीपुढं, सुमेधापुढं ठेवली.

"खा गं. कितवीत आहेस?"

"चौथीत."

"हुशार दिसतेस. सुट्टीत मामाकडं जातेस की नाही?" आणि पोह्यांवर खोबरं भुरभुरत त्यांनी पुढचंही विचारलं, "काय आडनाव मामाचं?"

त्यांच्या आवाजात खोट नव्हती. भाजीवालीला भाव विचारावा तितक्या सहज त्या बोलल्या. विशाखाचा थोपटणारा हात थांबला. आनंदराजला वाटलं, चला, संपलं. त्याला थोडं हलकंच वाटलं.

सुमेधानं चमचा खाली ठेवला.

"मला मामाच नाही," ती म्हणाली.

ती अडखळली नाही, कुणाकडं बघितलं नाही. ज्यानं तिला सायकल शिकवली, किनवटच्या स्टेशनवर गाडी सुटली तरी जो खिडकी धरून चालत राहिला, तो पंढरीमामा तिनं एका वाक्यात पुसून टाकला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक घरी ती त्यांच्याबरोबर आत यायची आणि गाडीवर मागं बसून परत जायची. लहान आहे, तिला काय कळतंय, असं दोघंही समजून चालले होते.

"अगं बाई," म्हणत गोदावरीबाईंनी तिच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

आनंदराज तो हात बघत होता. कितीतरी दिवसांनी त्याला काहीतरी झालं. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली.

"तिला मामा आहे, काका," तो दत्तोपंतांना म्हणाला. "पंढरी सोनकांबळे. किनवटला असतो. आम्ही बौद्ध आहोत."

दत्तोपंतांचा हात आपोआप किल्लीवर गेला. त्यांचे कान लाल झाले. "तसं नाही हो," ते म्हणाले, "आम्ही काही तसलं मानत नाही. फक्त एकदा मुलाच्या कानावर घालावं लागेल. तो पुण्याला असतो." या वेळी पुतण्या नव्हता, मुलगा होता. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं, आणि आनंदराजला त्याचंही काही करता येण्यासारखं नव्हतं.

बाहेर आल्यावर तो विशाखाला म्हणाला, "लक्ष्मम्माला फोन लाव. म्हणावं, आम्ही येऊन राहिलो."

"अन् पाणी? शाळा?"

"पाणी भरीन मी. शाळेत बी मीच सोडीन."

विशाखानं फोन लावला. पलीकडून लक्ष्मम्मांचा मोठा आवाज आनंदराजलाही ऐकू आला, "या की अम्मा, विचारता कशाला?" विशाखा कितीतरी दिवसांनी हसली. आनंदराजनं गाडीला किल्ली लावली. इतक्यात सुमेधानं त्याची बाही ओढली. तो वाकला.

"पप्पा," ती त्याच्या कानात म्हणाली, "मी काय म्हणले ते मामाला सांगू नका."