कानातला सेल

कानाच्या मशीनचे सेल महागले, तेव्हापासून सून सासऱ्यांना फक्त रविवारी ऐकू येऊ द्यायची. त्या दिवशी त्यांच्या लेकीचा फोन असायचा. एरवी त्यांना जेवायला वाढता वाढता ती नवऱ्याला बिनधास्त म्हणायची, "आपलंच भागत नाही, वर यांना कुठवर पोसायचं?" सासरे तिच्या तोंडाकडे बघत हसून मान डोलवायचे.

या रविवारी त्यांनी फोनवर लेकीला विचारलं, "थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का?" मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले.

फोन ठेवल्यावर सून सेल काढून घ्यायला आली, तर त्यांनी तो आधीच काढून हातात धरला होता.

"पुढच्या रविवारी घालू नकोस," ते म्हणाले. "तू रोज म्हणतेस, तेच तीही म्हणते."