नावेच्या गाडीचे ब्रेक

गुरुबसवनं दोन्ही ब्रेक बाकावर मांडले आणि हात पुसत उभा राहिला. एक ड्रमचा, डब्यासारखा बंद. दुसरा उघडा, स्टीलच्या चकतीचा, मुद्दाम हैदराबादहून मागवलेला. ज्ञानोबा दोन्हींकडे बघत होता, पण हात कशालाच लावत नव्हता.

"अप्पा, ड्रमचा घेऊ नका," गुरुबसव म्हणाला. "तुमच्या नाव वाहायच्या गाडीची चाकं रोज पाण्यात जाणार. ड्रममधी पाणी जाऊन बसतंय, मग वर्षाच्या आत गंजून जाम होतंय. ह्या चकतीवर पाणी थांबतच न्हाई."

"टिकतंय का?"

"धा वर्षं बघायला नको."

गेल्या वर्षी ह्याच शेडमध्ये, ह्याच माणसानं ज्ञानोबाला उलटं सांगितलं होतं, "नावेच्या गाडीला ब्रेक कामून लागतंय अप्पा? पाण्यात सगळं गंजून जातंय." आणि ते त्यानं अगदी मनापासून सांगितलं होतं. भालकीत उसाच्या ट्रॉल्या बनवण्यात गुरुबसवचं अर्धं आयुष्य गेलेलं. ट्रॉलीला ब्रेक असतो म्हटलं तर इथली म्हैससुद्धा हसेल. ट्रॉली उतारावर थांबवायची तर चाकाला दगड लावायचा, ही इथली रीत.

धरणावर ज्ञानोबाच्या नावेलाही मग तीच रीत चालू झाली. उतारावर गाडी ट्रॅक्टरला जोडणारी खीळ काढायची, नाव लादलेली गाडी दोरानं पाण्याकडं सोडायची आणि एकानं खालच्या अंगाला दगड घेऊन उलट्या पावलांनी सरकत राहायचं. दोन महिन्यांपूर्वी दोर निसटला. दगड घेऊन खाली राजपाल होता, ज्ञानोबाचा थोरला.

तेव्हापासून गुरुबसव ज्ञानोबाच्या शिवीची वाट बघत होता. राजपालच्या मातीला गेला, तिथं मिळाली नाही. तेराव्याला गेला, तर म्हातारा "जेवून जा" एवढंच म्हणाला. त्यानं चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं, निदान झोप तरी लागली असती.

"चकतीचाच लाव," ज्ञानोबा म्हणाला. "सोमवारपासून हरिओम खाली उभारणार हाय." हरिओम धाकटा. आता तेवढाच.

ब्रेक बसवायला दिवस गेला. ज्ञानोबा दारातल्या टायरवर बसून राहिला. चहा आणला, प्यायला नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा गुरुबसवनं हातब्रेकचा दांडा ओढला आणि गाडीला खांदा लावून ढकललं. चाकं जागची हलली नाहीत.

"रिकामी गाडी कुणीबी थांबवतंय," ज्ञानोबा म्हणाला. "नाव चढव."

शेजारच्या दुकानांतली माणसं आली, नाव चढवली, वर वाळूची पोती टाकली. रस्त्यावरून शेडकडं चांगला उतार होता. ट्रॅक्टरनं गाडी उताराच्या माथ्यावर नेऊन उभी केली. गुरुबसव वरच्या बाजूला, दांड्यापाशी गेला. ज्ञानोबा खाली गेला आणि गाडीच्या मागं चार पावलांवर, बरोबर मधोमध उभा राहिला.

"अप्पा, बाजूला व्हा."

"खीळ काढ."

"असं बघतेत व्हय ब्रेक? मी सोडून दाखवतो की. तुम्ही लांबून बघा."

"माझं पोरगं हितंच उभारणार हाय, गुरु. काढ तू."

कुणीतरी म्हाताऱ्याचा दंड धरायला गेलं, त्यानं हात झटकला. गुरुबसवला पहिल्यांदाच स्वतःच्या कामाची भीती वाटली. सकाळपासून प्रत्येक नट त्यानं दोनदा आवळला होता, आणि आता त्यातला एकही आठवेना. त्यानं खीळ उपसली.

गाडी सुटली. त्यानं दांडा ओढला. गाडी थांबली नाही. चाकांचा एक फेरा झाला, दुसरा सुरू झाला. गुरुबसवनं सगळं अंग दांड्यावर टाकलं. लोखंड करकरलं, पोती खालच्या अंगाला घसरली, दांडा दात्यात अडकला आणि गाडी हिसका खाऊन उभी राहिली.

नावेआड त्याला म्हातारा दिसत नव्हता.

"अप्पा!"

गुरुबसव चाकाला ठेचकाळत खाली धावला.

ज्ञानोबा होता तिथंच होता. एक पाऊलही मागं घेतलेलं नव्हतं. गाडीच्या मागच्या लोखंडी पट्टीकडं तो एकटक बघत होता. मग त्यानं पंजा ताणून पसरला, अंगठा छातीला टेकवला आणि करंगळी पट्टीला.

"वीतभर," तो म्हणाला. "राजपालला एवढंच पाहिजे होतं रे, गुरु."