कपाळावरचा हात

छातीवर औषधाची पट्टी असली की भास्करअण्णांना केमोची मळमळ जाणवतच नसे. ढवळायच्या आधीच पट्टीला कळायचं आणि औषध आपोआप अंगात जायचं. त्यामुळे "कसं वाटतंय?" असं घरात कुणी विचारेनासं झालं होतं.

दुपारी अण्णांनी पट्टी हळूच सोलून काढली. थोड्या वेळानं ओकारी आली, तशी त्यांची बायको शालन भांडी टाकून धावली. पाण्यानं गार झालेल्या हातानं तिनं त्यांचं कपाळ धरलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, पुन्हा कशी सुटली?"

"घामानं."

दुसऱ्या दिवशी तिनं नर्सकडून नवी पट्टी बसवून घेतली. "आता निर्धास्त राहा. ही घामानंच काय, ओढूनही निघत नाही," म्हणत ती आत गेली.

अण्णांनी आपलाच हात कपाळावर ठेवून पाहिला. तो कोमट होता.