मनगट की बोटं

सामना संपायला दोन सेकंद उरले असताना पंचबाईंनी शिट्टी फुंकली. बास्केटकडे चेंडू फेकणाऱ्या मुलीच्या मनगटावर अडवणारीचा फटका बसला, असं त्यांना दिसलं. दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही आत गेले आणि अडवणारीचा संघ एका गुणाने हरला. "बाई, माझा हात तिच्या बोटांना लागला, आणि बोटं चेंडूवर होती," एवढंच ती म्हणाली. चेंडूवर टेकलेल्या बोटांना हात लागणं हा फाउल नसतो, मनगटाला लागला तर असतो. सामन्यानंतर बाईंनी मोबाइलवर चित्रण पाहिलं. हात बोटांनाच लागला होता. निकाल बदलणार नव्हता. तरी त्या हरलेल्या मुलींच्या खोलीत गेल्या. "तुझंच बरोबर होतं. मी चुकले." वीस वर्षांत हे त्या कुणालाच म्हणाल्या नव्हत्या. मुलीने बाकावरची आपली पिशवी उचलली. "बसा ना, बाई. दिवसभर उभ्याच आहात."