भरलेलं चाक

१००

चाक किंचाळलं. डोंगरावरच्या खाणावळीच्या दारातून उतार सुरू होऊन पन्नास पावलंही झाली नव्हती, तोच टींटींटीं करत त्यानं पायाखालची पेडलं मागे कलंडवली. वहिनी उडी मारून, दोन्ही हात पंख्यासारखे फिरवत, धावत कडेच्या गवतात जाऊन उभ्या राहिल्या. पडल्या नाहीत. हे बघायला कुणी नव्हतं, याचंच त्यांना वाईट वाटलं.

विजेवरची एकचाकी. दोन पायांमध्ये एकच जाड टायर, माथ्यावर छोटा पडदा, पडद्यावर बॅटरीचा आकडा. फेरीच्या ग्रुपमधल्या बाकी अकरा जणांनी जेवण उरकून नव्वदीलाच प्लग काढले आणि ते निघून गेले. वहिनी मात्र शंभर होईपर्यंत हलल्या नाहीत. बावीस वर्षं पेट्रोल पंपावर नोझल धरून उभं राहिलेलं माणूस ते. टाकी अर्धवट ठेवून निघणाऱ्या गिऱ्हाइकाची त्यांना कीव यायची.

सकाळी दिरानं चार्जिंगबद्दल काहीतरी सांगितलं होतं. तेव्हा वहिनी टायरात हवा भरत होत्या, कंप्रेसर धडधडत होता. ग्रुपचा म्होरक्या म्हणजे हा धाकटा दीर. त्याचं दुसरं वाक्य मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं: "पाचला खालचं फाटक बंद होतं. जो आपल्या चाकावरून फाटकाबाहेर येईल, तो पुढच्या महिन्यात तीन दिवसांच्या फेरीला. ज्याला टेम्पो आणेल, त्यानं घरी बसावं." तो कुणाकडेच बघत नव्हता. बाकीचे सगळे वहिनींकडे बघत होते.

अजूनही १००

पुन्हा चढल्या. पुन्हा टींटींटीं. पुन्हा गवत.

मग सासूबाईंना फोन. सासूबाईंनी हयातभर मोटर वाइंडिंगचं दुकान चालवलेलं; घरातली सगळी चाकं अजून त्यांच्याच टेबलावर उघडतात.

"किती भरलंयस?"

"फुल, आई."

"शहाणीच आहेस. अगं, उताराला तू मागे रेललीस की मोटरच वीज करायला लागते. बॅटरी भरलेली असेल तर ती वीज ठेवायची कुठे? तुझ्या पर्समध्ये?"

"मग आता?"

"चढ शोध. सहा-सात टक्के जाळ, मग उतर. आणि हे बघ, टेम्पोत बसलीस तर त्याच टेम्पोनं थेट माहेरी जा."

९६

चढ एकच होता, माथ्यावरच्या पहाऱ्याच्या टॉवरकडे जाणारा. खाणावळीच्या मालकीणबाईंना हे कळताच त्यांनी वहिनींच्या हातात डबा दिला. "जाताच आहात तर पहारेकऱ्याला एवढं द्या. सकाळपासून उपाशी बसलाय बिचारा, आणि माझे गुडघे मलाच शिव्या देतात."

वहिनी पुढे झुकल्या. चाक गुरगुरत निघालं. दगड आले तेव्हा गुडघे सैल सोडले, वाळू आली तेव्हा श्वास धरला. हातातला डबा सांडला नाही, हीच मोठी गोष्ट.

पहारेकरी शिडीवरून उतरून बघतच राहिला. "एकाच चाकावर आलात? दुसरं कुठे सांडलं?"

"शोधतेय. तुम्ही जेवा."

तो जेवायला बसला आणि वहिनींनी टॉवरभोवती चकरा सुरू केल्या. तो घास घेता घेता मोजत होता. अकरा. वीस. चौतीस.

"बाई, तुम्ही ठीक आहात, पण घेरी मला यायला लागलीय."

९३

निघाल्या. खाणावळ गेली, मालकीणबाईंनी हात केला, पहिलं वळण गेलं. चाक गप्प होतं. वहिनी मागे रेलत, अंग सैल सोडत, नागमोडी रस्त्यानं उतरत होत्या, आणि पडद्यावरचा आकडा पंपाच्या मीटरसारखा वर सरकत होता. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. आयुष्यात पहिल्यांदाच मीटर पुढे सरकलेलं त्यांना नको होतं. शिट्टी मारत त्यांनी तीन वळणं काढली. ती शिट्टी आनंदाची होती की भीतीची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

९९

खाली फाटक दिसू लागलं. रस्त्यावर आडवा पडणारा तांबडा-पांढरा दांडा, अजून उभा. शेजारी पिवळं जाकीट, म्हणजे दीर. पलीकडे टेम्पो, त्याचं मागचं दार उघडं.

पाचला बारा मिनिटं. मध्ये एकच उतार, पण सगळ्यात उभा. चाकानं एकदा बारीक टीं केलं, घसा खाकरल्यासारखं. चाक हातानं ढकलत चालत गेलं तर ते आपल्या चाकावरून येणं नव्हे. तसंच रेटलं तर मधल्या वळणावर पेडलं मागे कलंडणार, आणि तिथे कडेला गवत नव्हतं, दरी होती.

वहिनींनी चाक वळवलं आणि आल्या वाटेनं चढायला लागल्या.

हेल्मेटमध्ये फोन वाजला.

"वहिनी! दिसताय तुम्ही मला! अहो, उलट्या कुठे निघालात?"

"खाली यायला, भावजी."

दिराचा आवाज एकदम हलका झाला: "आकडा किती?"

"नव्याण्णव."

"सत्त्याण्णव करून या. घाई करू नका."

त्या दोन वळणं चढल्या. सत्त्याण्णव झाले तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यांनी चाक फिरवलं आणि खाली पाहिलं. फाटकाचा दांडा खाली आला होता, पण पुरता नाही. अर्ध्यावर अडकून तिरका थांबला होता, कारण त्याच्याखाली कुणीतरी आपलं चाक उभं करून ठेवलं होतं, आणि पिवळं जाकीट शेजारी कमरेवर हात ठेवून फाटकवाल्याशी तावातावानं भांडत होतं.