पंधरा दिवसांचा बगळा

"पंधरा दिवस. सोळावा नको," सून म्हणाली.

खेळणीवाल्याने मीटरच्या तारा सेलच्या दोन टोकांना लावल्या. काटा जरासा उठला आणि पडला. "हा दहाच काढेल. दुसरा बघतो."

टेबलावर लोकांनी वापरून टाकलेल्या सेलांचा ढीग होता. बाकीचे कारागीर सेल लपवतात. हा मात्र सेल पक्ष्याच्या छातीत, काचेआड, सगळ्यांना दिसेल असा बसवायचा. नवा सेल कधीच नाही. सेल उतरत जाई तशी खेळण्याची चाल बदलायची. आधी पंख मिटत, मग मान मंदावे, शेवटी नुसती चोच थरथरे. ती अखेर पाहायलाच लोक त्याची खेळणी घेत. सांगितलेला दिवस कधी चुकला नव्हता.

"कोणासाठी?"

"सासऱ्यांसाठी. अंथरुणावर आहेत. तुमचाच बगळा हवा म्हणून हटून बसलेत."

"तो कधी थांबणार, हे त्यांना ठाऊक आहे?"

"नाही. तुम्हीही सांगू नका." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "काच पक्की बसवा. मध्येच कोणाला सेल बदलता येता कामा नये."

"आणि थांबल्यावर?"

"जिना अरुंद आहे. त्यांना खाली न्यायला चार माणसं लागतील. ती सांगून ठेवलीत मी."

ती गेली. मागे चोची रंगवत बसलेल्या बायकोने ब्रश खाली ठेवला.

"ऐकलंत? म्हाताऱ्याच्या मरणाची तारीख ठरवून गेली बया."

"उगाच काहीतरी!"

"उगाच कसं? आजारी माणूस दिवसभर त्या बगळ्याकडे बघत पडणार. बगळ्याने मान टाकली की हाही टाकणार. आणि हात कोणाचे वापरले? तुमचे."

"असं कोणी मरत नाही."

"मग मघापासून तोच सेल का धरून बसलात?"

दुपारी समोरच्या दुकानातून त्याने नवा कोरा सेल आणला. वरचं आवरण खरवडून काढलं, सेल पॉलिश पेपरवर घासून मळकट केला. आतलं यंत्र घड्याळाचं, हलकं. नव्या सेलवर ते वर्षभर चाललं असतं. काच चहूबाजूंनी पक्की केली.

न्यायला आली तेव्हा सून त्या सेलकडे बराच वेळ पाहत राहिली.

"पंधराच ना?"

"पंधराच," तो म्हणाला. सेलच्या बाबतीत तो आयुष्यात प्रथमच खोटं बोलला.

सतराव्या दिवशी ती पुन्हा दारात उभी. चेहरा उतरलेला.

"अजून चालतोय."

"सेलच तो. दोन दिवस इकडेतिकडे व्हायचेच."

"उद्या थांबेल? नक्की सांगा हो."

"उद्या, फार तर परवा."

तिने ओठ घट्ट मिटले, पण डोळ्यांतून पाणी आलंच. ती वळून धावतच गेली.

"नाटकी!" बायको म्हणाली. "डाव फसला ना, म्हणून रडू येतंय."

त्या दिवशी खेळणीवाला दोन घास जास्त जेवला. कोणाला सांगता येत नव्हतं, पण आपण एक माणूस वाचवला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

महिना उलटला तसं त्याला राहवेना. तो पत्ता शोधत गेला. दार सुनेनेच उघडलं. त्याला पाहून ती बाजूला झाली.

वर खिडकीत बगळा झोकात मान हलवत होता. शेजारी उशांना टेकून म्हातारा बसला होता. तोंड पिवळं पडलेलं, पोट फुगलेलं, पण हसू कानापर्यंत.

"कोण, खेळणीवाले? या, या! शाब्बास हो तुमची!" त्याने खेळणीवाल्याचा हात दोन्ही हातांत धरला. "बगळा थांबला की निमूट ऑपरेशनला जाईन, असा सुनेला शब्द देऊन बसलो होतो. पोरीने लगेच सोळाव्या दिवसाची वेळही घेतली. आज डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आता पोट उघडून उपयोग नाही."